पाण्यावरचा दगड : नामस्मरण आणि बुद्धानुस्सति यांची एक चिकित्सा

पाण्यावर दगड तरतो काय, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल. तथापि भारतीय धर्मविचारात तो निदान तीन ठिकाणी उपस्थित झाला आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याचे उत्तर निराळे आहे. संयुत्तनिकायातील एका सुत्तात भगवान बुद्ध सांगतात की, डोहात टाकलेला दगड कोणाच्याही प्रार्थनेने वर येत नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भदन्त नागसेन राजा मिलिंदाला सांगतात की, नावेत ठेवले तर शंभर गाड्या दगडही पाण्यावर राहतात. आणि सेतुबंधनाच्या लोकप्रिय कथेत रामनाम लिहिलेला दगड नावेवाचूनच तरतो.

यांपैकी तिसऱ्या उत्तराविषयी एक गोष्ट प्रथमच नमूद केली पाहिजे. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात सेतू बांधणारा नल हा विश्वकर्म्याचा पुत्र, म्हणजे कारागीर आहे. वानर झाडे उपटून आणतात, शिळा वाहून आणतात, कोणी मोजमापासाठी सूत धरतात. दगडांवर नाम लिहिल्याचा उल्लेख तेथे नाही. कारागिराचे कौशल्य मागे सरून नामाचे सामर्थ्य पुढे आले, हा बदल नंतरच्या भक्तिपरंपरेने घडविला. एखाद्या कार्यामागील कारण बाजूस सारून त्या जागी नाम कसे येऊन बसते, याचे हे बोलके उदाहरण आहे. प्रस्तुत लेखाचा विषय नेमका हाच आहे.

नामस्मरणाची टवाळी करणे हा या लेखाचा हेतू नाही. टवाळी सोपी असते आणि तिने काहीच सिद्ध होत नाही. शिवाय ज्या साधनेने सात शतके महाराष्ट्रातील कष्टकरी माणसाला आधार दिला, तिच्याविषयी बोलताना अभ्यासकाने संयम पाळलाच पाहिजे. पण संयम म्हणजे चिकित्सेचा त्याग नव्हे.

नाममार्गाचे श्रेय

जपाचे माहात्म्य भक्तिसंप्रदायांच्या पूर्वीपासून चालत आले आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात विधियज्ञापेक्षा जप दहापटीने, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप शंभरपटीने आणि मानस जप सहस्रपटीने श्रेष्ठ मानला आहे. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात सर्व यज्ञांमध्ये जपयज्ञ ही आपली विभूती असल्याचे श्रीकृष्ण सांगतो. परंतु मनुस्मृतीतील जप हा मुख्यतः उपनयन झालेल्या द्विजाचा आहे. त्याला मंत्र लागतो, मंत्राला अधिकार लागतो आणि अधिकाराला जन्म लागतो.

वारकरी संतांनी ही साखळी नामाच्या बाबतीत तोडली. नामाला सोवळे नको, मुहूर्त नको, दक्षिणा नको, संस्कृत नको, पुरोहितही नको. जनाबाईने दळताकांडताना नाम घ्यावे, सावता माळ्याने मळ्यात, गोरोबांनी चिखल तुडविताना. ज्ञानदेवांच्या नावे असलेला हरिपाठ आजही असंख्य घरांत सांजवेळी म्हटला जातो तो कोणा भटजीला न बोलाविता. धर्मसाधना ही मध्यस्थाच्या हातून काढून घेऊन कष्टणाऱ्या माणसाच्या ओठांवर आणून ठेवणे, हे त्या काळात सामान्य कार्य नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘मूकनायका’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग छापला आणि १९२७ मधील ‘बहिष्कृत भारता’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या छापल्या, ही वस्तुस्थिती विसरून चालणार नाही.

श्रेय एवढे निर्विवाद आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. नाम सर्वांना मिळाले, हे खरे. मग त्या नामाने काय घडते असे मानले गेले?

नाम आणि नामी

या प्रश्नाला भक्तिशास्त्राने दिलेले उत्तर असे की, नाम आणि नामी यांत भेद नाही. ज्याचे नाम घेतले तो नामातच उपस्थित आहे. गौडीय वैष्णवांच्या ग्रंथांत हा सिद्धान्त शास्त्रीय पद्धतीने मांडलेला आढळतो, आणि महाराष्ट्रातील कीर्तनकारांच्या निरूपणातही तो वारंवार येतो. एकदा हा अभेद मान्य केला की उच्चार हीच प्राप्ती ठरते. उच्चारणाऱ्याला अर्थ कळला काय, त्याचे आचरण कसे आहे, हे प्रश्न दुय्यम होतात.

वास्तविक उपनिषदांमध्ये नामाला एवढे मोठे स्थान नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे येतो आणि आपण शिकलेल्या विद्यांची लांबलचक यादी सादर करतो. आपल्याला मंत्र ठाऊक आहेत, आत्मा ठाऊक नाही, अशी कबुलीही तो देतो. सनत्कुमार म्हणतात, हे सारे नामच होय. त्याची उपासना कर. पण नामाहून मोठे काही आहे काय, असे विचारताच ते उत्तरतात की वाणी नामाहून मोठी आहे, आणि मग मन, संकल्प अशा क्रमाने पायऱ्या चढत जातात. तात्पर्य, नाम ही तेथे सर्वांत खालची पायरी आहे.

पालि परंपरेने तर या प्रश्नाचा मुळातून विचार केला. ‘मिलिंदपञ्हा’च्या आरंभीच राजा मिलिंद भदन्तांना त्यांचे नाव विचारतो. उत्तर मिळते की लोक मला नागसेन म्हणतात, पण ही केवळ संज्ञा आहे, व्यवहार आहे, ‘नाममत्त’ आहे. या नावामागे कोणी नित्य पुद्गल आढळत नाही. त्यापाठोपाठ रथाचा सुप्रसिद्ध दृष्टान्त येतो. चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, दांडी रथ नव्हे. हे सारे एकत्र आले म्हणजे ‘रथ’ असे म्हणावयाचे. मराठीत आपण ‘नाममात्र’ हा शब्द सहज वापरतो, पण त्यात एक संपूर्ण दर्शन साठविलेले आहे याची आपणास क्वचितच जाणीव असते. नाम हे व्यवहारासाठी केलेले चिन्ह आहे. चिन्हाला वस्तूचे सामर्थ्य नसते. ‘अग्नी’ म्हटल्याने जीभ भाजत नाही, आणि ‘पाणी’ म्हटल्याने तहान भागत नाही.

अजामिळाची कथा

नाममाहात्म्याचे सर्वांत प्रभावी आख्यान म्हणजे भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा. कान्यकुब्जातील हा ब्राह्मण दासीच्या संगतीत सदाचार सोडतो आणि जुगार, चोरी, फसवणूक यांवर निर्वाह करतो. मरणसमयी यमदूत दिसताच भयाने तो आपल्या धाकट्या मुलाला हाक मारतो. त्या मुलाचे नाव नारायण. तेवढ्या हाकेसरशी विष्णुदूत येतात आणि यमदूतांना परत पाठवितात. त्यांचा युक्तिवाद असा की, दुसऱ्याला उद्देशून, थट्टेने, गाण्याच्या ओघात किंवा अवहेलनेने घेतलेले नामही पापाचा नाश करते.

कीर्तनात ही कथा बहुधा येथेच थांबते. ग्रंथात ती थांबत नाही. यमदूत आणि विष्णुदूत यांचा संवाद अजामिळ ऐकतो, त्याला आपल्या कृत्यांचा तीव्र पश्चात्ताप होतो, तो घरदार सोडून गंगाद्वारी जातो, इंद्रियनिग्रह करून योगाभ्यास करतो आणि त्यानंतरच त्याला वैकुंठाची प्राप्ती होते. म्हणजे भागवतकारालाही केवळ एका हाकेवर कथा संपविणे पुरेसे वाटलेले नाही. वैष्णव परंपरेने जे दहा नामापराध सांगितले आहेत, त्यांत नामाच्या बळावर पाप करण्याची बुद्धी हा एक अपराध मानला आहे. रोगाची कल्पना वैद्यांना होती, असाच याचा अर्थ होतो.

तरीही लोकमानसात रुजली ती हाक. गंगाद्वार रुजले नाही. याचे कारण श्रोत्यांचे अज्ञान हे नव्हे. ज्या सिद्धान्तात उच्चारालाच फलदायी मानले, त्या सिद्धान्तात आचरण हे नेहमी जोडपत्रासारखेच राहणार. मग संख्या महत्त्वाची होते. माळेचे मणी मोजले जातात, वह्या नामाने भरतात, लक्ष आणि कोटी यांचे संकल्प सोडले जातात. धम्मपदाच्या यमकवग्गात पुष्कळ संहिता पाठ म्हणणाऱ्या पण त्याप्रमाणे न वागणाऱ्या प्रमादी माणसाला दुसऱ्यांच्या गाई मोजणाऱ्या गुराख्याची उपमा दिली आहे. मोजणी बिनचूक असते. दूध मात्र दुसऱ्याच्या घरी जाते.

गामणीचा प्रश्न

आता पहिल्या दगडाकडे वळू. नालंदा येथील पावारिकाच्या आम्रवनात असिबंधकपुत्त नावाचा गामणी भगवंतांना विचारतो की, पश्चिमेकडचे ब्राह्मण मृत माणसाला वर उचलून स्वर्गात पोहोचवितात असे म्हणतात. आपण अर्हत सम्यक्संबुद्ध आहात, तर आपण साऱ्या जगाला स्वर्गात पोहोचवाल काय?

भगवान उलट प्रश्न करतात. एखादा माणूस हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य भाषण करणारा आहे. मोठा जनसमूह जमून त्याच्याभोवती हात जोडून फिरू लागला, स्तुती व याचना करू लागला, तर तो सुगतीस जाईल काय? गामणी म्हणतो, नाही. मग दगडाचा दृष्टान्त येतो. खोल डोहात मोठी शिळा टाकली आणि लोक काठावर उभे राहून तिला वर येण्याची, तरंगण्याची विनवणी करू लागले, तर ती येईल काय? पुढचा दृष्टान्त याहून महत्त्वाचा असूनही सहसा सांगितला जात नाही. तुपाचा किंवा तेलाचा घडा डोहात फुटला, तर खापऱ्या तळाशी जातात आणि तूप वर येते. आता त्याच जमावाने तुपाला बुडण्याची विनवणी केली, तर ते बुडेल काय?

या दुसऱ्या दृष्टान्तामुळे सुत्ताला पूर्णता येते. पहिल्याने पाप्याची खोटी आशा काढून घेतली. दुसऱ्याने सदाचारी माणसाचे भय काढून घेतले. ज्याने कोणाचे वाईट केले नाही त्याला कोणाचाही शाप, कोणाचाही विटाळ, कोणाचाही बहिष्कार दुर्गतीला नेऊ शकत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके जन्मावरून पतित ठरविले गेले, त्याच्या दृष्टीने तुपाचा दृष्टान्त दगडाच्या दृष्टान्ताहून अधिक मोलाचा आहे.

दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात हाच विचार नामोच्चाराला थेट लावलेला आहे. अचिरवती नदी काठोकाठ भरलेली आहे. अलीकडच्या तीरावर उभा असलेला माणूस पैलतीराला हाक मारतो, तू इकडे ये. त्याच्या हाकेने पैलतीर अलीकडे येईल काय? इंद्र, सोम, वरुण, ईशान, प्रजापती, ब्रह्मा यांना नावाने आवाहन करणारे, पण ब्राह्मण म्हणविण्यास आवश्यक असे गुण सोडून देणारे त्रैविद्य ब्राह्मण या माणसासारखे आहेत, असे भगवान वासेट्ठाला सांगतात. हाक मारण्यात त्या माणसाची तळमळ खरी असेल. पण नदी ओलांडण्याचे कारण तळमळीत नसते, ते पोहण्यात किंवा होडीत असते.

मिलिंदाचा आक्षेप

येथपर्यंत वाचून कोणा बौद्ध वाचकाला समाधान वाटले असेल, तर त्याने क्षणभर थांबावे. अजामिळ आपल्याही घरात आहे.

‘मिलिंदपञ्हा’त राजा असा आक्षेप घेतो : तुम्ही म्हणता की शंभर वर्षे अकुशल कर्म करणाऱ्यालाही मरणकाळी बुद्धाविषयी एक स्मृती प्राप्त झाली, तर तो देवलोकी जन्म घेतो, यावर माझा विश्वास बसत नाही. आक्षेप अत्यंत रास्त आहे. अजामिळाच्या कथेवर आपण जो आक्षेप घेतो तोच हा. धम्मपद-अट्ठकथेतील मट्ठकुंडलीची कथाही याच जातीची आहे. कृपण बापाचा हा मरणोन्मुख मुलगा भगवंतांना केवळ पाहून चित्त प्रसन्न करतो आणि देवलोकी जातो.

नागसेन उत्तरादाखल विचारतात, लहानसा दगड नावेवाचून पाण्यावर राहील काय? नाही. आणि शंभर गाड्या दगड नावेत ठेवले तर राहतील काय? होय. मग ते उपमेचा उलगडा करतात, आणि तेथे त्यांचा शब्द काळजीपूर्वक वाचला पाहिजे. नाव म्हणजे बुद्धाचे नाम, असे ते म्हणत नाहीत. नाव म्हणजे कुशल कर्म, असे ते म्हणतात. मराठीत ‘ते नाव’ आणि ‘ती नाव’ यांत केवळ लिंगाचा फरक आहे. विचारात मात्र तो जमीनअस्मानाचा आहे. मरणकाळची स्मृती फलदायी होते ती चित्ताचे एक कुशल कर्म म्हणून. ओठांवर आलेल्या अक्षरांमुळे नव्हे. माझ्या मते नागसेनांचे उत्तर पूर्णतः समाधानकारक नाही. शंभर वर्षांच्या दगडांना पुरेल एवढी मोठी नाव एका क्षणात कशी बांधली जाते, हा प्रश्न शिल्लक राहतोच. पण त्यांनी कारणाचा त्याग केलेला नाही, एवढे निश्चित.

पुढील काळात बौद्धांच्याच एका प्रवाहात नामोच्चार हा प्रधान मार्ग झाला. जपानमध्ये होनेन (११३३–१२१२) यांनी अमिताभ बुद्धाच्या नामाचा उच्चार हीच कलियुगासारख्या ऱ्हासकाळातील सर्वसामान्यांची साधना ठरविली. त्यांचे शिष्य शिनरान यांनी तर नामोच्चार हा आपला प्रयत्न नसून अमिताभाच्या करुणेबद्दलची कृतज्ञता होय, असे प्रतिपादिले. मठाबाहेरच्या शेतकऱ्याला आणि कोळ्याला आपल्याकडच्या नामासारखाच त्या नामानेही आधार दिला. तेव्हा प्रश्न हिंदू की बौद्ध असा नाहीच. एखाद्या साधनेत नाम हे कारणाच्या जागी बसविले आहे की कारणाची आठवण करून देण्यासाठी योजले आहे, हा खरा निकष आहे. तो सर्वांना सारखाच लावला पाहिजे.

‘इतिपि’ या शब्दाचे मोल

‘स्मरण’ आणि ‘सति’ हे दोन्ही शब्द ‘स्मृ’ या एकाच धातूपासून आले आहेत. त्यामुळे नामस्मरण आणि बुद्धानुस्सति ही एकाच साधनेची दोन रूपे होत, असे पुष्कळदा लिहिले जाते. हे मत बरोबर नाही, आणि त्याचा पुरावा आपण रोज म्हणत असलेल्या बुद्धवंदनेतच आहे.

बुद्धानुस्सतीच्या पाठात नऊ गुण आहेत : अरहं, सम्मासंबुद्ध, विद्या व आचरण यांनी संपन्न, सुगत, लोक जाणणारा, दमन करण्यास योग्य पुरुषांचा अनुपम सारथी, देव-मनुष्यांचा शास्ता, बुद्ध आणि भगवा. या यादीत ‘सिद्धत्थ’ नाही. ‘गोतम’ही नाही. ज्याचे स्मरण करावयाचे त्याचे व्यक्तिनाम त्या पाठात एकदाही येत नाही. जे आहे ते सारे गुणवाचक आहे. ‘विज्जाचरणसंपन्न’ या एका शब्दाचा जो खरोखर विचार करील, त्याला विद्या आणि आचरण यांची फारकत झालेली आपली अवस्था दिसल्यावाचून राहणार नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे पाठाच्या आरंभीचा ‘इतिपि’ हा लहानसा शब्द. आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’च्या सातव्या परिच्छेदात त्याचा अर्थ ‘या-या कारणांनी’ असा केला आहे, आणि तो प्रत्येक गुणाशी जोडावयाचा आहे. या कारणाने ते अरहं आहेत, या कारणाने ते सम्मासंबुद्ध आहेत. पुढे प्रत्येक गुणाची कारणे त्यांनी पानोपानी दिली आहेत. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेल्या देवनागरी प्रतीतून हा परिच्छेद मुळातून वाचता येतो. जिज्ञासूंनी तो अवश्य वाचावा. कारण सांगून केलेले स्मरण हे नामस्मरणाहून जातीनेच भिन्न असते. कारण तपासता येते, मान्य किंवा अमान्य करता येते. नामाचा फक्त जप करता येतो.

बुद्धघोषांनी या साधनेची मर्यादाही सांगितली आहे. बुद्धाचे गुण गंभीर आणि अनेकविध असल्यामुळे त्यांच्या अनुस्मरणाने चित्त उपचार समाधीपर्यंतच पोहोचते, अर्पणेपर्यंत नाही. साधनेचा पुरस्कर्ताच तिची सीमा आखून देतो, ही गोष्ट माहात्म्यग्रंथांत सहसा आढळत नाही. नामाच्या आवर्तनाने मन शांत होते, हा अनेकांचा अनुभव खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण मन शांत होणे आणि दुःखाचे कारण समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात आचार्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी जी परंपरा रुजविली, तिच्यात श्वासाच्या निरीक्षणाला कोणतेही नाम वा मंत्र जोडू नये अशी स्पष्ट सूचना असते. नामाने एकाग्रता लवकर साधेल, हे तेथेही मान्य आहे. पण मग निरीक्षण स्वतःच्या वास्तवाचे न राहता नामाचे होईल, ही त्यामागील भूमिका आहे.

चोखोबांच्या अस्थी

हा वाद केवळ तत्त्वज्ञानाचा असता, तर त्यासाठी एवढी पाने खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. नाम कारणाच्या जागी बसले म्हणजे समाजात काय होते, हे संत चोखामेळा यांच्या चरित्रात दिसते.

परंपरा सांगते की, मंगळवेढे येथे गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांसह चोखोबाही गाडले गेले. हे इ.स. १३३८ मध्ये घडले असे मानतात. नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यातील कोणत्या अस्थी चोखोबांच्या, हे ओळखावे कसे? ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला, त्या त्यांनी उचलल्या आणि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

नाममाहात्म्याची याहून करुण कथा मराठीत नसेल. नाम हाडांपर्यंत मुरले होते, हे कथाच सांगते. तरीही त्या अस्थी महाद्वाराच्या बाहेरच राहिल्या. नामाला अधिकार लागत नव्हता. उंबरठ्याला लागत होता. चोखोबांच्या भक्तीत काय उणे होते? काहीच नाही. उणे होते ते समाजाच्या आचरणात, आणि चोखोबांच्या नामोच्चाराने ते बदलणे शक्य नव्हते, कारण ते त्या उच्चारामुळे निर्माणच झालेले नव्हते. अस्पृश्यतेची कारणे निराळी होती. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींनी केलेल्या उपोषणानंतर. म्हणजे सहा शतके नाम आत-बाहेर सारखेच घुमत होते आणि दार मिटलेलेच होते.

बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ च्या निबंधावरून महात्मा गांधींना जे उत्तर दिले, त्यात हाच मुद्दा आहे. संतांनी देवाच्या दृष्टीने सर्व माणसे समान मानली. माणसामाणसांतील समतेसाठी जातिव्यवस्थेशी झुंज दिली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. टीका आणि आदर यांत त्यांना विरोध वाटला नाही. आम्हीही तो मानू नये.

आपल्या विहारांत

आता लेखाचा शेवट, आणि तो आपल्याकडे बोट दाखवून केला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण देव्हारे रिकामे केले. पण रिकाम्या जागेत जुनी सवय नव्या नावाने येऊन बसली नाही काय? वंदना अर्थ न कळता म्हटली जाते. परित्तपाठ संकटनिवारणाचा तोडगा म्हणून करविला जातो. परित्ताचे फळ कर्माचे आवरण, क्लेशाचे आवरण आणि अश्रद्धा या तीन कारणांनी मिळत नाही, असे त्याच ‘मिलिंदपञ्हा’त सांगितले आहे, हे मात्र आपण सांगत नाही. महापुरुषांच्या नावाचा जयघोष करून त्यांच्या ग्रंथांची पाने न उलगडणे, हीही नामस्मरणाचीच एक तऱ्हा आहे.

काही वर्षांपूर्वी एका विहारात दर रविवारी मी पालि वंदनेचा अर्थ शिकवीत असे. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी न चुकता पुढच्या रांगेत बसत. त्यांचे पाठांतर माझ्यापेक्षा स्वच्छ होते. ‘इतिपि’चा अर्थ सांगितला त्या दिवशी वर्ग संपल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, मला वाटायचं ‘इतिपि’ हे बुद्धाचंच एखादं नाव आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणते आहे. मग इतकी वर्षं म्हटलं ते फुकट गेलं का?”

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अट्ठकथेत तयार मिळत नाही. मी त्यांना विचारले, “वंदनेच्या वेळी पंचशीलही घेत होता ना?” त्या म्हणाल्या, “रोज.” “त्याचा अर्थ ठाऊक होता?” “तो होता. बाबासाहेबांनी मराठीतून प्रतिज्ञा दिल्या तेव्हा माझे सासरे तिथे होते. त्यांनी घरात सगळ्यांना सांगितला होता.” “आणि पाळलं?” त्या किंचित हसल्या. “खोटं दोनदा बोलले. नातवाच्या शाळेपायी.”

मी म्हणालो, “मग फुकट काही गेलं नाही, आजी. जे पाळलं ती नाव होती. आता तिच्यात बसून काय म्हणत होतो, तेही समजून घेऊ.”

पुढच्या रविवारी त्या वही घेऊन आल्या. नऊ गुणांचे मराठी अर्थ त्यांनी नातवाकडून उतरवून घेतले होते, आणि ‘लोकविदू’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह घातले होते.